छेद विचारायचा

श्यामनगर, नांदेड
२० मे २०२५

चि. कु. वैष्णवी हिस,


तुझे ९३ टक्के कळले. तुझ्या आईनं फोनवर आकडा सांगितला आणि पुढच्याच वाक्यात ‘मग क्लास लातूरला का नांदेडला?’ असं विचारलं. पेढ्याचं नावही निघालं नाही. तिचा दोष नाही. आपल्या दोन जिल्ह्यांत दहावी झालेल्या लेकराला आता हा एवढाच प्रश्न विचारतात. मी तिला म्हटलं, चार दिवस दे, मी वैष्णवीलाच लिहितो. दाजींनी पत्र वाचलं तरी चालेल. वाचावंच.

आमच्या गल्लीच्या तोंडाला चौकात एक फ्लेक्स लागलाय, बारा बाय वीसचा. त्यावर छत्तीस मुलांचे फोटो. प्रत्येकाच्या खाली मार्क आणि वर क्लासच्या संचालकांचा मोठा फोटो, हात जोडलेला. मी रोज दूध आणायला जाताना ते चेहरे बघतो. छान आहेत, कष्टाची पोरं आहेत. पण चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाची खोड जात नाही. मला त्या फ्लेक्सवर नुसता अंश दिसतो, छेद कुठंच दिसत नाही. छत्तीस, पण कितीपैकी? छत्तीसपैकी छत्तीस असतील तर मी स्वतः त्या क्लासला जाऊन पाया पडेन. तीन हजारांपैकी छत्तीस असतील तर ती गोष्ट वेगळी.

आता देशाचा छेद सांगतो. २०२४ला नीटला, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला, २३ लाखांवर मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा तेव्हा सगळ्या देशात मिळून लाखाच्या थोड्या वर, आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास सरकारी. खाजगी कॉलेजातली मॅनेजमेंटची जागा आपल्या घराच्या हिशेबात बसत नाही, हे तुलाही माहीत आहे. हे घाबरवायला लिहीत नाही. नीट देऊ नको असंही म्हणत नाही. ती द्यायचीच असेल तर अंश-छेद दोन्ही ठाऊक असताना दे.

माझ्याच पापाची गोष्ट सांगतो. रिटायर झाल्यावर कपाट आवरताना एका बारावीच्या तुकडीचा जुना हजेरीपट सापडला. त्यावर ११८ नावं. त्यातली सात डॉक्टर झाली, आणि ती सातही मला रोल नंबरसकट पाठ. बाकीच्या १११ जणांपैकी वीस-पंचवीस चेहरे जेमतेम आठवले. मला स्वतःचीच शरम वाटली. मग त्या उन्हाळ्यात मी फोन लावत बसलो. एकाकडून दुसऱ्याचा नंबर, दुसऱ्याकडून तिसऱ्याचा. साठ-बासष्ट जण सापडले. एक उदगीरला शिकून जनावरांचा डॉक्टर झालाय. तीन तालुक्यांत लोक त्याला रात्री दोनला उठवतात, आणि तो कुरकुरत का होईना, जातो. एक डाळमिलला मशिनरी बसवून देतो, त्याच्या हाताखाली नऊ माणसं. एक तलाठी. एक पोरगी परभणीला फूड टेक्नॉलॉजी करून पुण्यात बिस्किटांच्या कंपनीत गुणवत्ता तपासते. आणि एक, ज्याला मी ‘तू होणारच’ म्हणून तीन वर्षं रिपीट करायला लावलं, तो गावातल्या लग्नांना जात नाही. ‘काय करायलास सध्या?’ असं कुणी विचारेल म्हणून. त्याच्या वडिलांनी फोन घेतला होता. तो स्वतः बोलला नाही.

म्हणून तू कुठल्याही क्लासच्या पायऱ्या चढलीस की फीच्या आधी छेद विचार. तुमच्याकडं गेल्या वर्षी बसले किती, त्यातले पहिल्या खेपेचे किती, रिपीटर किती, सोडून गेले किती? समोरचा माणूस हसून दुसरंच बोलायला लागला की उठ. आणि यशस्वी झालेल्या पोरांना विचारूच नको, ते फ्लेक्सवर आहेतच. गेल्या वर्षी ज्यांचं झालं नाही अशी दोन मुलं गाठ. तुमच्या गावात तशी नक्की आहेत. ती जे सांगतील ते कुठल्याही समुपदेशकाच्या तोंडून ऐकायला मिळणार नाही.

लातूरचं नाव निघालं की लोक ‘लातूर पॅटर्न’ म्हणतात, आणि त्याचा अर्थ आता ट्यूशन एरिया असा झालाय. मूळ गोष्ट ती नव्हती. राजर्षी शाहू कॉलेज १९७० सालचं, दयानंद त्याच्याही आधीचं. तिथल्या प्राध्यापकांनी खेड्यातून आलेल्या पोरांना कॉलेजातच जादा तास घेऊन, पेपरावर पेपर सोडवून घेऊन, चुका समोर बसवून दुरुस्त करून वर काढलं. शाहूचे पहिले प्राचार्य जनार्दन वाघमारे पुढं १९९४ला आमच्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. मराठवाड्यातलं लेकरू पुण्या-मुंबईच्या लेकराच्या बरोबरीनं बसू शकतं, हे त्या लोकांनी दाखवलं. तेव्हा आपल्याकडं मेडिकलच्या जागा थोड्या आणि सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागातल्याच मुलांना देणारा ७०:३० चा कोटा वर. तो कोटा जायला २०२० उजाडलं. एवढ्या अडचणीत त्यांनी हे केलं म्हणून मला त्या पॅटर्नचा आदर आहे. आजच्या धंद्याचा नाही.

आज होतं काय, तर पोरगं एका कॉलेजात नावाला ॲडमिशन घेतं, ‘टायअप’ म्हणतात त्याला, आणि दिवसभर क्लासला बसतं. गेल्या वर्षी माझ्याकडं शंका विचारायला एक मुलगा आला होता. बारावीत होता. मी त्याच्या हातात ब्युरेट दिली, तर त्यानं ती उलटी धरली. ब्युरेटमधल्या अल्कलीचा शेवटचा थेंब पडतो आणि फिनॉल्फ्थॅलीन घातलेलं बिनरंगाचं पाणी एकदम फिकट गुलाबी होऊन तसंच राहतं, हे त्यानं पाठ केलेलं होतं, पाहिलेलं नव्हतं. मग मी करून दाखवलं. चौथ्या खेपेला त्याला तो थेंब सापडला, तर तो पाच मिनिटं चंबू उजेडाला धरून बसला. असं शिकलेलं विसरत नाही. तू जिथं जाशील तिथं प्रयोगशाळेचं कुलूप रोज उघडतं का, हे प्राचार्यांना नव्हे, शिपायाला विचार.

आता विषयांचं. तुझ्या मैत्रिणी म्हणत असतील, नीट द्यायची तर गणित सोड, भूगोल घे, मार्क पडतात. बाई, असं करू नको. तू सोळा वर्षांची आहेस. आज गणित सोडलंस तर इंजिनिअरिंग गेलं, आर्किटेक्चर गेलं, एनडीएतलं हवाई दल आणि नौदल गेलं. एनडीए आता मुलींनाही खुली आहे, २०२१ पासून. बायोलॉजी सोडलीस तर मेडिकलची सगळी रांग गेली. दोन्ही ठेव. अकरावीची दिवाळी होईपर्यंत जड जाईल, मान्य. पण दार एकदा लावलं की ते उघडायला दोन वर्षं जातात. तुझं गणित पक्कं आहे, मला माहीत आहे. सातवीत असताना तू पतसंस्थेचं व्याज माझ्या आधी काढलं होतंस आणि वर ‘मामा, तुम्ही चक्रवाढ विसरला’ म्हणाली होतीस.

आणि नीट म्हणजे एमबीबीएस, हे डोक्यातून काढ. त्याच मार्कांवर दात, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी आणि जनावरांची डॉक्टरकी असते. आमच्या नांदेडला सरकारी आयुर्वेद कॉलेज आहे, उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेज आहे. फार्मसी, कृषी, फूड टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग यांना राज्याची एमएचटी-सीईटी. तिच्यात चुकलेल्या उत्तराचे मार्क कापत नाहीत आणि अकरावीचा भाग फक्त वीस टक्के येतो. नीटचा अभ्यास झालेल्या मुलीला ती अर्धी तयार असते, तरी आमची पोरं तिच्याकडं ढुंकून बघत नाहीत. विष्णुपुरीचं श्री गुरुगोविंदसिंगजी अभियांत्रिकी कॉलेज तुझ्या घरापासून बसनं दीड तासावर. १९८१ पासून आहे. तिथं टेक्सटाइल शिकवतात हेसुद्धा आमच्या कापसाच्या पट्ट्यात कुणाला ठाऊक नसतं. तुझ्या धाकट्या भावाला, संदीपला दहावीनंतर पॉलिटेक्निकला घालायचं दाजी म्हणतात, ते कमीपणाचं नाही. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं.

दाजींसाठी दोन ओळी. तुम्ही फोनवर क्लास, रूम, मेस धरून लाखाच्या पुढचा आकडा बोललात. २०२४-२५च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता, आणि अडतीवर भाव त्याहूनही खाली गेला, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे त्या भावानं वीस क्विंटल घातले तरी लाख भरत नाहीत. तीन एकराचं सगळं पीक एका वर्षात एका क्लासच्या गल्ल्यात जाणार. घाला, नाही म्हणत नाही. पण वावर गहाण टाकू नका. गहाणाचं ओझं लेकराच्या उशाखाली असतं, आणि कॉट बेसिसच्या दहा बाय दहाच्या खोलीत आधीच चौघी असतात.

कागदांचं मात्र आजच सुरू करा. मी एक मुलगा पाहिलाय, मार्क उत्तम होते. जातपडताळणीचा अर्ज बारावीच्या निकालानंतर दिला. कार्यालयात ‘एक कागद कमी आहे’ म्हणून तीनदा परत पाठवलं. तोवर प्रवेशाची फेरी संपली. शेवटी खुल्या प्रवर्गातून जागा घ्यावी लागली, सवलत गेली, फी पूर्ण भरावी लागली. वैष्णवीच्या आजोबांचा शाळेचा दाखला जुन्या शाळेच्या रजिस्टरातून काढून आणा. वैधता प्रमाणपत्र अकरावीतच घेऊन ठेवा. नॉन-क्रीमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला यांची मुदत बघत जा. ३१ मार्चला संपली की तहसीलच्या रांगेत पुन्हा उभं राहणं आलंच. जुलै २०२४पासून सरकारनं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीय. पण ती जागा सरकारी प्रवेशफेरीतून मिळालेली पाहिजे. वैष्णवीच्या बाबतीत ह्या कागदांची किंमत पुऱ्या एकरभर पिकाएवढी आहे.

वैष्णवी, आता तुझ्याशी. तू डॉक्टर व्हायचंय म्हणतेस. का, ते तू मला कधी सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. उत्तर लिहून पाठवू नको, लिहिलेलं उत्तर निबंधासारखं होतं. २०२५पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन आहेत. त्यापेक्षा तो फॉर्म भरण्याआधी आठ दिवस इकडं ये. विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात माझी एक विद्यार्थिनी स्त्रीरोग विभागात आहे. तिच्या बाह्यरुग्ण विभागाबाहेरच्या बाकावर सकाळी नऊपासून दोनपर्यंत नुसतं बसायचं. पेशंट किती, ती किती वेळा पाणी पिते, कुणावर ओरडते, कुणाचा हात धरते, ते बघ. दुसऱ्या दिवशी त्या जनावरांच्या डॉक्टरच्या गाडीवर मागं बस. म्हशीच्या बाळंतपणाला हात घालायला लावला तर नाही म्हणू नको. तिसऱ्या दिवशी एखाद्या माती-पाणी तपासणीच्या लॅबमध्ये नेतो. संध्याकाळी घरी आल्यावर मी काही विचारणार नाही. जेवताना तू आपणहून ज्या दिवसाबद्दल जास्त बोलशील, ते मी ऐकेन.

येताना आधारची झेरॉक्स आणि आजोबांचा दाखला सापडला असेल तर तो आण, आणि चपला मजबूत घाल. सकाळी सहाची एस.टी. धर; अकराच्या पुढं ऊन फार होतंय, आणि मी बसस्टँडवर छत्री घेऊन उभा राहतो म्हटलं तरी तुझी मामी मला ओरडतेय.

तुझा,
मामा