भटियारा : एका शब्दाचा हिशेब

उर्दू शाळेत आमच्या वर्गात गलका झाला की उस्ताद विचारत, 'हा मदरसा आहे की भटियारखाना?' त्यामुळे भटियारखाना म्हणजे गोंगाटाची जागा, एवढेच आम्ही बरीच वर्षे धरून चाललो. खरा अर्थ वेगळा आहे.

भटियारा म्हणजे सराई चालविणारा. शब्दाचे नाते भट्टीशी आहे. मुसाफिराला खोली व खाट देणे आणि त्याच्यासाठी रोटी-सालन शिजविणे, हा त्याचा पेशा. हेच काम करणारी बाई ती भटियारी किंवा भटियारिन. शेरशाह सूरीने (राज्यकाळ 1540 ते 1545) सडकांवर सराया बांधल्या. उत्तर हिंदुस्थानातील भटियारे आपली परंपरा त्या काळापर्यंत नेतात. त्यांच्यात शेरशाही व सलीमशाही अशा शाखा आहेत.

सतराव्या शतकातील इटालियन प्रवासी मनुची लिहितो की सराईचा दरवाजा रात्री बंद होई. सकाळी तो उघडण्यापूर्वी 'आपापला माल तपासून घ्या' अशी पुकार होई. कापडाचे गठ्ठे घेऊन फिरणाऱ्या व्यापाऱ्याला या पुकारीचे मोल वेगळे सांगायला नको. सराई नसती तर माल दूरच्या बाजारापर्यंत पोहोचलाच नसता.

मराठीतही हा शब्द आहे. हॉटेलच्या मुदपाकखान्याला आपण 'भटारखाना' म्हणतो. मुंबई-कोकणात शादीच्या देगा उतरविणारा तो 'भटारी'. येथे शब्दाची इज्जत शाबूत आहे. चांगल्या भटाऱ्यासाठी लोक शादीची तारीखही पुढे-मागे करतात.

उर्दूत मात्र 'भटियारिनीसारखी भांडते' असा टोमणा रूढ झाला. ज्याच्या हातची रोटी खाल्ली, त्याच्याच पेशाची शिवी केली! 'जुलाहा' या शब्दाचेही तेच झाले. कापड विणणाऱ्याचे ते साधे नाव. पण त्याची इतकी हेटाळणी झाली की विणकरांनी मोमीन, अन्सारी ही नावे पसंत केली. आम्ही त्यांच्याच मागावरचे कापड विकून घर चालवितो. तरुणपणी हा शब्द आमच्याही तोंडून थट्टेत गेला आहे, याची आज शरम वाटते.

म्हणून एवढेच सांगणे : दुकानात, कारखान्यात कोणाच्याही पेशाचे नाव शिवीसारखे वापरू नका. कारागिराची मजुरी चुकती केली तरी त्याच्या इज्जतीचे देणे बाकी राहते. तेही वेळेवर फेडावे.