चित्रसंकेताची उमेदवारी

दहावी-बारावीच्या ऐन धामधुमीत ज्या घरातील मूल पाठ्यपुस्तके बाजूला सारून अर्डुइनो या छोट्या नियंत्रकाचा बोर्ड, दोन रेझिस्टर आणि माळ्यावरून उतरवलेला जुना टीव्ही यांच्या संगतीत संध्याकाळ घालवते, त्या घरातील आईवडिलांची काळजी निराधार नव्हे. परंतु त्या पडद्यावर काय घडते आहे हे समजून घेतल्यावाचून त्या उद्योगावर रिकामपणाचा शिक्का मारू नये, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.

ते मूल अर्डुइनोकरवी टीव्हीवर चित्र उमटवत असते. आपल्याकडील टीव्हीच्या पाल पद्धतीत पडद्यावरच्या प्रत्येक रेषेस 64 मायक्रोसेकंदांची मुदत असते, आणि अर्डुइनो ऊनो 16 मेगाहर्ट्झवर चालत असल्यामुळे एका रेषेपोटी त्याच्या वाट्याला घड्याळाचे 1024 ठोके येतात. तेवढ्या अवधीत रेषेची सुरुवात दाखवणारा 4.7 मायक्रोसेकंदांचा सिंक शून्य व्होल्टवर पाठवायचा, काळ्यासाठी सुमारे 0.3 व पांढऱ्यासाठी सुमारे 1 व्होल्ट द्यायचा, आणि पुढची रेषा नेमक्या क्षणी सुरू करायची. व्होल्टेजची तजवीज 1 किलोओहम व 470 ओहमचे दोन रेझिस्टर करतात. वेळेची तजवीज मात्र विद्यार्थ्यालाच करावी लागते, कारण काही रेषांची आज्ञा दोन-चार ठोके उशिरा सुटली, तरी चित्राची कड दातेरी होते. शिवाय 128 गुणिले 96 ठिपक्यांचे एकरंगी चित्र 1536 बाइट अडवून बसते आणि जवळ रॅम असते अवघी 2 किलोबाइट.

चित्र डिजिटल करण्याचे उलट काम याहून कठीण, आणि माझ्या मते अधिक शिकवणारे. अर्डुइनोचा अंगभूत एडीसी, म्हणजे विद्युतदाब मोजून अंकांत उतरवणारा भाग, नेहमीच्या मांडणीत एका मोजणीस सुमारे 104 मायक्रोसेकंद घेतो, म्हणजे एक मोजणी पुरी होईतो दीड रेषा निघून जाते; स्टुडिओच्या प्रमाणानुसार तर सेकंदाला 1 कोटी 35 लाख नमुने हवेत. मग विद्यार्थी एलएम1881 या चिपने सिंक वेगळा काढतो, स्वतंत्र जलद एडीसी जोडतो, डीएमएची (प्रोसेसरला वळसा घालणारी) सोय असलेल्या दुसऱ्या बोर्डावर नमुने थेट स्मृतीत उतरवतो. किंवा चित्र स्थिर असेल तर प्रत्येक फेरीत थोडेच बिंदू टिपून अनेक फेऱ्यांतून सबंध चित्र जुळवतो. सँपलिंग ऑसिलोस्कोप या संकेत दाखवणाऱ्या मापनयंत्राचे तत्त्व हेच होय.

अशा जुन्या चित्रसंकेतावर नोकरी मिळेल, असे आश्वासन मी देणार नाही. परंतु सोनोग्राफीचे यंत्र असो वा नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 महाकाय अँटेना, तेथेही अखंड वाहणारा संकेत वेळ न चुकवता मोजून अंकांत उतरवावा लागतो. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका व तेथून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश, हा अशा कामांकडे नेणारा मार्ग हाताने काम करणाऱ्या मुलास विशेष मानवतो. पालकांनी तीन गोष्टींचा बंदोबस्त करावा: टीव्हीची पाठ उघडू देऊ नये, कारण जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये संच बंद केल्यावरही घातक विद्युतदाब शिल्लक राहतो, आणि जोडणी बाहेरच्या पिवळ्या सॉकेटमधूनच व्हावी, तसेच प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी त्या संस्थेच्या प्रयोगशाळेत जाऊन ऑसिलोस्कोप विद्यार्थ्यांच्या हाती खरोखर दिला जातो की कपाटात कुलूपबंद असतो, याची समक्ष चौकशी करावी.