कुंडीतल्या वेलाला आधार: खर्च किती आणि कशावर?

वाटाण्याच्या बियांचं पाकीट ४० रुपयांचं आणि त्याला चढायला आणलेली लोखंडी जाळी ६०० रुपयांची, असा उलटा हिशेब गच्चीवरच्या बागेत सर्रास होतो. राहात्यासारख्या गावात तो होण्याचं काहीच कारण नाही. गावाभोवती पेरूच्या बागा आणि वेलभाज्यांचे मांडव आहेत, त्यामुळे काठी, तार, सुतळी विकतही मिळते आणि थोडी ओळख काढली तर फुकटही. कोणता वेल किती महिने उभा राहणार, एवढं मात्र आधी ठरवायला हवं. पुढचे भाव ढोबळ आहेत. दुकान, हंगाम आणि घासाघीस यांप्रमाणे ते वर-खाली होतील.

पैसे काढण्याआधी बियांचं पाकीट नीट वाचा. अर्केल जातीचा वाटाणा गुडघ्याच्या आसपासच थांबतो. श्रावण घेवड्याचे आणि चवळीचे कितीतरी वाणही झुडपी असतात. त्यांना मांडव घालणं म्हणजे शुद्ध हौस. बादलीत थोडं दाट पेरून मधे चार काटक्या खोचल्या की रोपं एकमेकांच्या आधाराने उभी राहतात. ‘उंच’, ‘वेलवर्गीय’ असं काही छापलं असेल तरच पुढचा विचार करा.

उंच वाटाणा चढतो तो पानाच्या टोकाला फुटणाऱ्या ताण्यांनी. हे ताणे दोऱ्यासारखे बारीक असतात आणि पेन्सिलीपेक्षा जाड वस्तू त्यांच्या कवेत येत नाही. त्यामुळे गुळगुळीत पाइपाशेजारी लावलेला वाटाणा पाइप सोडून स्वतःच्याच पानांना विळखे घालतो आणि पहिल्या वाऱ्याला आडवा होतो. त्याला हव्यात फाटे असलेल्या डहाळ्या. पेरूच्या छाटणीत अशा डहाळ्या ढिगाने निघतात आणि शेतकऱ्याला त्या उचलून नेणारा हवाच असतो. छाटणी उन्हाळ्यात झाली तर डहाळ्या सावलीत वाळवून ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पेरणीपर्यंत ठेवा. बी टाकतानाच त्या वीतभर खोल रोवायच्या. रोप वाढल्यावर रोवल्या तर मुळं तुटतात. मागच्या साली निघालेल्या तुरकाट्याही चालतात, फक्त वाळवी लागलेली नाही ना ते पाहून घ्या. कपाशीच्या पऱ्हाट्या मात्र घरी आणू नका. त्यांत गुलाबी बोंडअळी तग धरून राहते, म्हणूनच त्या शेतातसुद्धा साठवू नयेत असं कृषी विभाग सांगतो.

म्हणजे वाटाण्याचा आधार फुकट, किंवा फार तर सुतळीच्या एका गुंडीचे ३० ते ५० रुपये. वाटाणा तीन महिन्यांचा पाहुणा आहे, उन्हं तापली की आटोपतो. त्याच्यावर याहून जास्त खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एका बादलीतल्या शेंगा एका वेळच्या मटारभाताला पुरल्या तरी खूप झालं, आणि नेमका त्याच दिवसांत बाजारात वाटाणा स्वस्त असतो.

खरा खर्च करावा तो वालावर. वालाची गोष्टच वेगळी. वेली वाल जूनमध्ये लावला की पावसाळाभर नुसता पसरतो, दिवस लहान झाले की फुलावर येतो आणि थंडीभर शेंगा देतो. वेल सात-आठ महिने आधारावर असतो आणि ऐन परतीच्या पावसात त्याचं वजन सर्वांत जास्त असतं. त्याला ताणे नसतात, खोडच काठीभोवती पीळ घालत वर जातं. घेवड्याचा शेंडा वरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत आधार शोधतो. वेलींच्या या फिरण्याचं बारकाईनं निरीक्षण करून डार्विनने १८६५ मध्ये त्यावर एक आख्खा प्रबंध लिहिला होता. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की सुटलेला शेंडा काठीला बांधताना त्याच दिशेने गुंडाळावा. उलटा गुंडाळला तर तो सुटून परत खाली लोंबतो.

वालाला तागाची सुतळी नको. जूनमध्ये बांधलेली सुतळी पावसाने कुजते आणि शेंगा धरायच्या वेळेला तुटते. त्याऐवजी काथ्या किंवा नायलॉनची दोरी घ्या. दुकानात १५० ते २५० रुपयांना मिळणारी नायलॉनची जाळी चांगली दिसते, पण हंगाम संपल्यावर तिच्यातून वाळलेला वेल सोडवता सोडवता जीव मेटाकुटीला येतो. उन्हाने ती ठिसूळही होते.

चार बादल्यांसाठी मला पटलेला बेत असा. पंधरा-सोळा फुटी बांबू १०० ते १५० रुपयांना मिळतो. असे दोन घेऊन वखारीतच मधोमध कापून घ्यायचे, म्हणजे साडेसात-आठ फुटांच्या चार काठ्या होतात. वर आडवी चौदा गेजची जीआय तार. ही तार किलोला सुमारे ४० मीटर भरते, म्हणजे पाव किलो रगड झाली. किलोचा भाव १०० रुपयांच्या आसपास धरा आणि दुकानदार आख्खं भेंडोळं गळ्यात मारू लागला तर ऐकू नका. तारेपासून प्रत्येक बादलीपर्यंत काथ्याचे तीन-चार पदर सोडायचे. सगळं मिळून ३०० ते ४०० रुपये, बादलीमागे शंभराच्या आत, आणि बांबू दोन-तीन हंगाम सहज जातो. भंगारात बागांचे जुने लोखंडी अँगल मिळतात, पण ते किलोवर विकले जातात. सहा किलोचा एक म्हटला तरी दोन-अडीचशे रुपये लागतात. कायमचा मांडव घालायचा असेल तरच ते घ्या.

वीस लिटरची बादली मातीने भरून पाणी दिल्यावर जड होते खरी, पण वाऱ्यापुढे तेवढं वजन पुरत नाही. आठ फुटी काठीला हिरवागार वेल चढला की तो शिडासारखा वारा धरतो आणि बादलीसकट कलंडतो. म्हणून काठी नुसती बादलीत रोवून भागत नाही, वरचं टोक गच्चीच्या कठड्याला किंवा भिंतीतल्या हुकाला तारेने आवळा. भाड्याचं घर असेल तर भिंतीला भोक पाडण्याआधी घरमालकाला विचारलेलं बरं. डिशची केबल, सोलरचा पाइप, विजेची वायर यांना काहीही बांधू नका. बादली हलकी करायला नुसतं कोकोपीट भरण्याचा मोहही टाळा, निम्मी तरी माती हवी. इथली काळी माती एकटी भरली तर वाळून भेगाळते, तेव्हा तिच्यात शेणखत आणि थोडं कोकोपीट मिसळा.

उन्हाळ्यात वेली चवळी लावणार असाल तर उघड्या लोखंडाला काथ्या गुंडाळा, तापलेल्या सळईला टेकलेला कोवळा शेंडा करपतो. वाण आणि किडीबद्दल काही अडलं तर तालुक्यातच बाभळेश्वरला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं विचारता येईल.

हंगाम संपल्यावर वेल उपटू नका, बुडाशी कापा. मुळांवरच्या गाठींतलं नत्र मातीतच राहतं आणि त्याच बादलीत पुढं मेथी किंवा पालक टाकता येतो. काथ्या वेलासकट कापून खताच्या खड्ड्यात जाईल. नायलॉनची दोरी मात्र आधी वेगळी काढा आणि बांबू पावसाच्या आधी आडोशाला आडवे ठेवा.