अर्ध्या गुणाचा अभ्यास

बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला की आपल्याकडे लोक पट आवरायला घेतात. ‘मग झालं काय?’ हा प्रश्न नगरच्या ओट्यांवर आणि आमच्या जिमखान्यातही मी ऐकला आहे. निकाल नाही म्हणजे काही घडलेच नाही, ही समजूत तपासण्यासाठी मी जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे झालेली महिला विश्वचषकाची अंतिम लढत घेतो. एका बाजूला नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख, दुसऱ्या बाजूला कोनेरू हंपी. हंपी २००२ साली ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता.

२६ जुलैच्या पहिल्या डावात पांढरी मोहरी दिव्याकडे होती. सुरुवातीच्या भागातच तिची बाजू वरचढ झाली. पण नेमकी खेळी साधली नाही, हंपी सावरली आणि डाव बरोबरीत सुटला. दोघींना अर्धा-अर्धा गुण. हे अर्धे मात्र सारख्या मोलाचे नव्हेत. पहिली खेळी पांढऱ्याची, म्हणून वरच्या दर्जाच्या खेळात काळ्या मोहऱ्यांनी मिळवलेला अर्धा गुण कमाईच्या बाजूला मांडायचा. त्या दिवशीची कमाई हंपीची. २७ तारखेला मोहरी बदलली, पुन्हा बरोबरी झाली आणि दिव्याची भरपाई झाली.

वरचढ असूनही जिंकता का येत नाही? वाचकांनी पटावर एवढेच मांडून पाहावे : पांढऱ्याकडे राजा, उंट आणि अगदी कडेच्या पट्टीतले एक प्यादे, काळ्याकडे नुसता राजा. प्याद्याचा वजीर ज्या कोपऱ्यातल्या घरात व्हायचा, ते घर उंटाच्या रंगाचे नसेल आणि काळा राजा तिथे आधी पोचला, तर पांढरा कितीही डोके खाजवो, राजा तेथून हलत नाही. फार रेटले तर शह नसताना त्याला खेळीच उरत नाही, आणि नियमाने तीही बरोबरीच! असली स्थिती दहा-बारा खेळ्या आधी ओळखून तिकडे धावणे ही बचावाची खरी विद्या. आपल्याकडे ती कोणी शिकवत नाही. सगळा भर मात करण्यावर.

२८ जुलैला जलद डाव झाले : प्रत्येकीला १५ मिनिटे आणि दर खेळीला १० सेकंद. पहिला पुन्हा बरोबरीत. दुसऱ्यात वेळेच्या ओढाताणीत हंपी चुकली आणि काळी मोहरी घेतलेली दिव्या जिंकली. एकूण अडीच विरुद्ध दीड. दिव्याच्या अडीच गुणांतले दीड गुण बरोबरीचे आहेत. बाटुमीला गेली तेव्हा ग्रँडमास्टर किताबाचा एकही नॉर्म तिच्यापाशी नव्हता. या विजेतेपदाने तो किताब तिला थेट मिळाला.