फायटर माशाची घरगुती पैदास : आधी अन्न, मग पिले

शोभिवंत मासे पाळणाऱ्यांना ‘फायटर’ या नावाने परिचित असलेला मासा म्हणजे बेट्टा होय. तो मूळचा थायलंडमधील भातखाचरांचा व संथ पाणथळींचा रहिवासी. २०१९ साली त्या देशाने त्यास राष्ट्रीय जलचराचा मान दिला. डोक्यातील लॅबिरिंथ नावाच्या इंद्रियामुळे तो पाण्यावरील हवा घेऊ शकतो व उथळ पाण्यातही तग धरतो. त्यामुळे थोड्या जागेत व अल्प खर्चात त्याची पैदास घरी करता येते. तथापि, अंडी मिळणे सोपे व पिले जगविणे कठीण, असा नवशिक्यांचा अनुभव असतो. एका विणीत शेकडो अंडी मिळतात आणि आठवड्याभरात टाकी रिकामी होते. बहुधा याचे कारण रोग नसून उपासमार हे असते.

पूर्वतयारी

नुकत्याच पोहू लागलेल्या पिलाचे तोंड इतके लहान असते की, बाजारातील कोरडे खाद्य त्यास घेता येत नाही. त्यास सूक्ष्म सजीव अन्नच हवे. म्हणून नर-मादी एकत्र आणण्यापूर्वीच अन्नाची तयारी करावी. काचेच्या बरणीत तळ्याचे थोडे पाणी घेऊन त्यात कोबीचे पान टाकावे व बरणी अंधुक उजेडात ठेवावी. पाणी प्रथम गढूळ होते, दुर्गंधी सुटते. चार-पाच दिवसांनी ते निवळू लागते. इन्फ्युसोरिया या नावाने ओळखले जाणारे सूक्ष्म जीव त्यात वाढल्याची ती खूण होय.

वीण व नराची राखण

विणीच्या टाकीत पाणी १० ते १५ सेंटिमीटर असावे व त्याचे तापमान २६ ते २८ अंश सेल्सिअस राखावे. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच वापरावे. मादीस लपण्यासाठी पाणवनस्पती ठेवाव्यात. नर बुडबुड्यांचे घरटे बांधीपर्यंत मादीस काचेच्या भांड्यात, परंतु त्याच्या नजरेसमोर ठेवावे. वीण होताच मादीस बाहेर काढावे, अन्यथा नर तिला जखमी करतो. खाली पडलेली अंडी तोंडात उचलून घरट्यात ठेवण्याचे काम नरच करतो. साधारणतः २४ ते ४८ तासांत अंडी फुटतात. पिले प्रथम घरट्याला लोंबकळत राहतात व अंगातील पीतकावर जगतात. दोन-तीन दिवसांनी ती आडवी पोहू लागली की नरास वेगळे करावे.

पिलांचे संगोपन

पिले पोहू लागताच बरणीतील पाणी दिवसातून अनेकदा थोडे थोडे द्यावे. काही दिवसांनी मिठाच्या पाण्यात उबविलेली आर्टेमियाची ताजी पिले गोड्या पाण्याने धुऊन द्यावीत. उरलेले अन्न कुजू न देता बारीक नळीने काढावे. तिसऱ्या आठवड्यापासून लॅबिरिंथ इंद्रिय विकसित होऊ लागते. या काळात पाण्यावरील हवा उबदार व दमट राहावी म्हणून टाकीवर झाकण ठेवावे. विदर्भ व खानदेशातील थंडीत याकडे विशेष लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.

घ्यावयाची दक्षता

दोन-तीन महिन्यांत नर एकमेकांवर धावू लागतात. तेव्हा प्रत्येकास स्वतंत्र भांडे लागते. तेवढी सोय व पिले घेणारे असतील तरच वीण करावी. जादा मासे विहिरीत वा तळ्यात सोडू नयेत. परक्या प्रजातीमुळे स्थानिक माशांना धोका संभवतो. डासांच्या अळ्या हे या माशांचे आवडते खाद्य असले तरी त्यांसाठी घरात उघडे पाणी साठवू नये, कारण डेंग्यूचा डास अशाच पाण्यात वाढतो. करमणुकीसाठी माशांची झुंज लावणे तर प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० अन्वये अपराध आहे.

शाळेत हा प्रयोग केल्यास अंड्यापासून पिलापर्यंतचा प्रवास विद्यार्थ्यांना आठवड्याभरात प्रत्यक्ष पाहता येईल. मात्र तेथेही पहिला धडा बरणीतील अन्नाचाच असावा.