खोकडाचा अनोळखी रंग : ओळख कशी पटवावी?

इसापाच्या गोष्टींतला ‘फॉक्स’ मराठीत येताना कोल्हा झाला आणि द्राक्षे आंबट ठरवून गेला. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मात्र कोल्हा वेगळा आणि खोकड वेगळे. कोल्हा हा लांडगा व कुत्रा यांच्या प्रजातीतला. खोकड त्याहून लहान, निमुळत्या तोंडाचे, झुपकेदार शेपटीचे आणि ‘व्हल्पीस’ या प्रजातीतले. प्रस्तुत लेखात ‘खोकड’ हाच शब्द वापरला आहे, कारण प्राण्याचे नावच चुकले तर रंगाची चर्चा व्यर्थ होते.

काळे, पांढरे किंवा चट्टेपट्टे असलेले खोकड दिसले की पाहणारा ‘नवी जात’ किंवा ‘संकर’ असे म्हणून मोकळा होतो. बहुधा यांपैकी काहीही खरे नसते. निरीक्षकाने पुढील प्रश्न क्रमाने स्वतःस विचारावेत.

१. प्राणी कोणता? शेपटीचे टोक प्रथम पाहावे. आपल्या दख्खनच्या माळरानावरील भारतीय खोकडाच्या शेपटीचे टोक काळे असते. तांबड्या खोकडाचे टोक सामान्यतः पांढरे असते. हे तांबडे खोकड युरोप, आशिया व उत्तर अमेरिका येथे पसरलेले असून भारतात ते हिमालयात तसेच राजस्थान व कच्छच्या रुक्ष प्रदेशात आढळते. अंग सर्वस्वी काळे झाले तरी तांबड्या खोकडाच्या शेपटीचे पांढरे टोक बहुधा टिकून राहते. म्हणून ही खूण मोलाची.

२. हा रंगच आहे का? खरजेच्या किडीने पछाडलेल्या खोकडाचे केस झडतात, कातडी जाड व करडी पडते आणि शेपटी उंदरासारखी दिसते. काही खोकडांत वरचे लांब राठ केस जन्मतःच नसतात व केवळ आतली लोकर दिसते. ऋतूही फसवतो. उत्तर ध्रुवाजवळील ध्रुवीय खोकडाचा पांढरा प्रकार हिवाळ्यात शुभ्र आणि उन्हाळ्यात तपकिरी असतो, तर त्याच जातीचा ‘निळा’ म्हटला जाणारा प्रकार बारा महिने गडद राहतो. तेव्हा महिना नोंदल्यावाचून रंगाचे वर्णन अपुरे होय.

३. काळेपणा कोणता? केसांत मुख्यतः दोन रंगद्रव्ये असतात : काळे-तपकिरी यूमेलॅनिन आणि तांबडे-पिवळे फिओमेलॅनिन. त्यांचे प्रमाण बदलले की तांबड्या खोकडाची तीन रूपे दिसतात. पहिले नेहमीचे तांबडे. त्याचे पाय व कानांची मागची बाजू काळी असते, हे विसरू नये. दुसऱ्यात पाठीच्या कण्यावरून एक व खांद्यांवरून आडवा एक असा काळा पट्टा जाऊन फुली उमटते. तिसरे रुपेरी. त्याचे अंग काळे, पण अनेक राठ केसांवर पांढरा पट्टा असल्यामुळे चांदी शिंपडल्यासारखे दिसते.

येथे एक सूक्ष्म मुद्दा आहे. १९९७ साली नॉर्वेतील संशोधक व्होगे व सहकाऱ्यांनी दाखविले, की हा काळा रंग दोन वेगळ्या जनुकांतील बदलांमुळे येऊ शकतो. रंगपेशीवर एक ग्राही प्रथिन असते. त्याला चालना मिळाली की काळे द्रव्य तयार होते, आणि ‘अगूटी’ नावाचे प्रथिन त्याला आवरते. एका प्रकारात अगूटीचे जनुक निकामी होते, म्हणजे लगामच सुटतो. दुसऱ्यात ग्राही प्रथिन स्वतःच बदलून सदैव जागे राहते. दिसणे सारखे, कारणे दोन. नुसत्या डोळ्यांनी जनुक ओळखता येत नाही, म्हणून नोंदीत ‘रुपेरी’ एवढेच लिहावे. अगूटीचा बदल अप्रभावी असल्याने वरवर तांबड्या आईबापांच्या पोटीही रुपेरी पिल्लू जन्मू शकते. येथे संकर शोधण्याचे कारण नाही.

४. पांढरेपणा कोणता? डोळे पाहावेत. मेलॅनिन तयारच होत नसेल तर डोळे व नाक गुलाबी दिसतात. तो अल्बिनो. केस पांढरे, पण डोळे व नाक गडद असतील तर तो ल्युसिझम होय. मुखावर पांढरा पट्टा, पांढरी मान आणि फिकट अंग असे खोकड युरोपात दिसल्यास, ते फरसाठी चालविलेल्या पालनकेंद्रातून निसटलेले असण्याचा संभव ध्यानात घ्यावा. ‘प्लॅटिनम’ हा असा प्रकार १९३०च्या दशकात नॉर्वेत अशाच केंद्रात प्रथम आढळला.

एवढ्या काटेकोरपणाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. कॅनडातील लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर मोरेव्हियन मिशनरी फरचा व्यापारही करीत. कोणत्या वर्षी तांबडी, फुलीची व रुपेरी कातडी किती आली, याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. चार्ल्स एल्टन यांनी त्या संकलित केल्या, आणि जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४२ साली त्यांवर गणित मांडले. हेच हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात येऊन स्थायिक झाले. १८३०च्या दशकात शंभरांत पंधरा-सोळा असलेली रुपेरी कातडी शंभर वर्षांत सुमारे पाचांवर आली होती. रुपेरी कातड्याला भाव मोठा, म्हणून शिकारी त्याच्या मागे अधिक लागत. रुपेरी खोकडे मारली जाण्याचे प्रमाण थोडेसेच अधिक असले, तरी एवढी घट व्हायला पुरे, असे या गणितातून दिसले. निसर्गात चाललेली निवड आकड्यांत पकडण्याचे हे एक सुरुवातीचे उदाहरण. कारकुनाने तिन्ही रूपे ‘खोकड’ या एकाच रकान्यात कोंबली असती, तर हे ज्ञान कायमचे हरवले असते.

त्या आकड्यांत आणखी एक बोध आहे : दुर्मिळ रंग ही त्या प्राण्याच्या जिवावरची गोष्ट ठरली. म्हणून आपल्या माळावर एखादे आगळ्या रंगाचे खोकड दिसले, तर लांबूनच पाहावे, बीळ उकरू नये. तारीख, वेळ, उजेड, शेपटीचे टोक, डोळे, नाक, पाय आणि केसांची अवस्था लिहून ठेवावी. जमल्यास छायाचित्र घ्यावे. नोंद आपल्या प्राध्यापकांना अथवा वनखात्याला द्यावी, परंतु बिळाची जागा चारचौघांत सांगू नये. आधी पाहिलेले लिहावे, नाव मागाहून द्यावे. नाव चुकले तर पुढचा अभ्यासक ते दुरुस्त करील, पण न टिपलेली खूण त्याला कोठूनही मिळणार नाही.