हजेरीपुस्तकाबाहेरचा विद्यार्थी

चोळपुरम् (कुंभकोणम)



समाजकार्याची पदव्युत्तर पदवी हाती आल्यावर अध्यापनाऐवजी विद्यार्थी-कल्याणाच्या कामात शिरण्याचा जो विचार भाचीने कळविला आहे, तो येथील वडीलधाऱ्यांना मनापासून पसंत आहे. मात्र जाहिराती चाळण्याआधी तिने पोंगलनंतर आठ दिवस चोळपुरमला मुक्काम ठेवून, घरच्या गाडीने कावेरीच्या खोऱ्यातील महाविद्यालये व विद्यापीठे पाहून घ्यावीत. विद्यार्थी-कल्याण म्हणजे वर्ग, परीक्षा आणि निकाल वजा जाता विद्यार्थ्याचे जे जिणे उरते ते सारे: वसतिगृह, खानावळ, शिष्यवृत्ती, आजारपण, मनाची घालमेल, तक्रार आणि घरची ओढाताण. अमेरिकेत हा स्वतंत्र व्यवसाय आहे व त्यासाठी वेगळी पदवीही मिळते. आपल्याकडे हे काम बहुधा एखाद्या प्राध्यापकाकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून येते, आणि तास, पेपर तपासणी, संशोधन यांतून उरलेला वेळ त्याच्या वाट्याला जातो. महाराष्ट्रात 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी विकास संचालक हे पद विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांत घातले आहे, तर अन्यत्र अधिष्ठाता (विद्यार्थी व्यवहार), म्हणजे विद्यार्थ्यांच्या सर्व बाबींवर देखरेख ठेवणारा वरिष्ठ प्राध्यापक, असे पद आढळते. पूर्णवेळ जागा बहुतेक समुपदेशक, वसतिगृह व्यवस्थापक आणि नोकरी-मार्गदर्शन अधिकारी यांच्याच असतात, हे भाचीने आधीच पक्के समजून असावे.

फेरीचा आरंभ कुंभकोणमच्या शासकीय महाविद्यालयापासून व्हावा. 1854 साली निघालेल्या कावेरीकाठच्या या संस्थेत श्रीनिवास रामानुजन 1904 मध्ये शिष्यवृत्ती घेऊन दाखल झाले, गणिताखेरीज दुसऱ्या कशात त्यांचे मन रमेना, इंग्रजीत ते नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. एका सत्राचे शुल्क 32 रुपये होते आणि कापडाच्या दुकानात कारकुनी करणाऱ्या वडिलांचा पगार महिना 20 रुपयांच्या आसपास, त्यामुळे शिष्यवृत्ती जाणे म्हणजे शिक्षणच तुटणे, हे त्या घरात कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आई कोमलतम्माळ प्राचार्यांना भेटून आल्या, पण नियम बदलला नाही. आणि 1905 मध्ये सतरा वर्षांचा तो मुलगा कोणाला न सांगता विशाखापट्टणमला निघून गेला, तेव्हा त्याच्या शोधासाठी घरच्यांना वृत्तपत्राचा आधार घ्यावा लागला. या हकिगतीत दुष्ट असे कोणी नाही. परंतु जो मुलगा एका विषयात सर्वांच्या पुढे आणि बाकीच्यांत सर्वांच्या मागे पडत चालला आहे, त्याला निकालाच्या चार महिने आधी बोलावून घेऊन 'जेवलास का, झोप लागते का, घरी कसे चालले आहे' असे विचारणारी जागाच त्या काळच्या महाविद्यालयात नव्हती, आणि भाची जे काम अंगावर घेऊ पाहते ते नेमके त्या रिकाम्या जागेचे आहे. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरील रामानुजन यांचे घर शास्त्र विद्यापीठाने जतन केले आहे. तेथील रस्त्याकडेच्या लहानशा खोलीतील खिडकीपाशी भाचीने काही वेळ बसावे.

कुंभकोणममध्येच 16 जुलै 2004 रोजी एका शाळेच्या स्वयंपाकघरातून लागलेली आग झावळ्यांच्या छपराने धरली आणि 94 मुले गेली. म्हणून कोणत्याही संस्थेत पाऊल टाकताच जिना किती रुंद आहे, दुसरा जिना आहे का, आणि रात्री बाहेरच्या दाराला कुलूप घातले जात असेल तर किल्ली कोणापाशी असते, हे आधी पाहावे. ग्रंथालयाची इमारत नंतर पाहिली तरी चालते.

चोळपुरमहून अणैक्करैमार्गे उत्तरेला चिदंबरम् लागते. तेथील अण्णामलै विद्यापीठ 1929 पासूनचे आणि निवासी, म्हणजे विद्यार्थी परिसरातच राहतील अशा रचनेचे आहे. 1996 मध्ये तेथील एका प्रथम वर्षाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये खून झाला, त्यानंतर तामिळनाडूने 1997 मध्ये रॅगिंगबंदीचा कायदा केला आणि महाराष्ट्राने 1999 मध्ये. कायदा गुन्ह्याला शिक्षा देतो. परंतु मध्यरात्री कोणत्या खोलीतून नव्या मुलाला बोलावणे येते, हे कायद्याच्या आधी वसतिगृहाच्या पहारेकऱ्याला ठाऊक असते. पहारेकरी, खानावळीतील वाढपी आणि झाडणाऱ्या बाया यांच्याशी ज्या वॉर्डनचे बोलणे नाही, त्याला आपल्या वसतिगृहाची खरी खबर मिळत नाही, असे येथे ठामपणे लिहावेसे वाटते.

तंजावर पाहताना मराठी मन स्वाभाविकपणे सरस्वती महाल ग्रंथालयाकडे धावेल. परंतु तेथील मराठा राजे सरफोजी दुसरे यांनी ओरत्तनाडू येथे उभारलेले मुक्तांबा छत्र, म्हणजे अन्नदानाची व मुक्कामाची धर्मशाळा, या फेरीत अधिक शिकवून जाईल. कारण तेथे वाटसरूंच्या जेवणाबरोबर शाळाही चालत असे आणि शिकणाऱ्यांची पोटापाण्याची सोय होई. पोट भरल्याखेरीज पाठ होत नाही, ही जाण राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरातील बोर्डिंगांमध्ये आणि कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका' योजनेतही दिसते. आज तीच गोष्ट वेगळ्या रूपाने पाहायची असल्यास एखाद्या शासकीय महिला महाविद्यालयाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीच्या खिडकीपाशी अर्धा तास उभे राहावे. शासकीय शाळांत सहावी ते बारावी शिकून पुढे आलेल्या मुलींना राज्य सरकार 2022 पासून 'पुदुमै पेण्' योजनेत दरमहा 1,000 रुपये देते. अशी रक्कम बँक खात्यावरील नावातल्या एका अक्षरामुळे अडली, तर पहिल्या पिढीची विद्यार्थिनी, म्हणजे घरात जिच्या आधी कोणी महाविद्यालय पाहिले नाही अशी मुलगी, खिडकीपर्यंत दोनदा येते. तिसऱ्यांदा यायला बसभाडे नसते. तो अर्ज दुरुस्त करून देणारा कारकून एखाद्या परिसंवादापेक्षा मोठे विद्यार्थी-कल्याण करीत असतो.

तिरुच्चिराप्पल्लीची राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था वेळ उरल्यास पाहावी. तेथे समुपदेशकाची खोली कोठे आहे आणि तिच्या दारात उभ्या असलेल्या मुलाला येणारेजाणारे पाहतात की नाही, एवढे टिपले तरी पुरे.

तमिळ नीट येत नाही ही भाचीची अडचण खरी आहे, परंतु निदान 'साप्टाच्चा?' म्हणजे 'जेवण झाले का?' हा प्रश्न तिने येथल्या उच्चाराने घोटून यावे. दुःख माणूस मातृभाषेतच सांगतो, आणि नोकरी जेथे लागेल तेथली भाषा शिकण्याची तयारी नसेल तर हे काम पत्करू नये. गाडीत ताठ पुठ्ठ्याची वही ठेवावी आणि पाहिलेल्या प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न लिहून विचारावा: सलग चार दिवस वर्गात न आलेल्या मुलाच्या खोलीवर कोण जाते? उत्तरात पदाचे नाव मिळाले तर तेही लिहावे, आणि माणसाचे नाव मिळाले तर त्या माणसाची भेट घेऊनच निघावे.

त्या दिवसांत सांबा भाताची कापणी चालते आणि रस्त्याच्या कडेला भात वाळत घातलेले असते, म्हणून अणैक्करैच्या रस्त्याला गाडी सावकाश हाकावी लागेल. चिदंबरमला निघायच्या दिवशी मामी पहाटे पाचला डबा भरून ठेवील.